दोरा वाकडा नसतो

तायडे बाई भांडखोर होत्या असं आमच्या कॉलेजात सगळे म्हणत, आणि मी ते खोडून काढायला बसलेलो नाही. होत्याच. एवढंच सांगतो, की त्या ज्यांच्याशी भांडल्या त्यांचे चेहरे मला आजही आठवतात, आणि त्यातल्या एकाशीही भांडायची माझी छाती झाली नसती.

जळगावच्या कॉलेजात त्या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापक, मी मराठीचा. विमल तायडे असं नाव, पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे ‘तायडे बाई’च म्हणायचे. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि चाल अशी की बरोबर चालणाऱ्याला धाप लागावी. माहेर पहूरकडचं. मामा गवंडी होते, आणि लहानपणी सुट्टी लागली की बाई मामांबरोबर बांधकामावर जायच्या. त्यामुळे पर्समध्ये रुमाल, आवळासुपारी आणि भिंत सरळ आहे का ते बघायचा पितळी ओळंबा या तीन गोष्टी कायम असायच्या. बायकांच्या पर्समध्ये ओळंबा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

वाकडं काही दिसलं की बाईंना बसवत नसे. हॉटेलात टेबल डुगडुगलं की आधी पायाखाली तिकिटाची घडी, मग चहा. प्राचार्यांच्या खोलीत बोलावणं आलं, की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायच्या आणि मग म्हणायच्या, “बोला.” प्राचार्य खवळायचे, पण सरळ झालेली तसबीर पुन्हा वाकडी कशी करणार?

एका पंधरा ऑगस्टला तर त्यांनी कहरच केला. मैदानावर सगळं कॉलेज उभं, पाहुणे आलेले, बँडवाला गाल फुगवून तयार. बाई रांगेतून निघाल्या आणि थेट झेंड्याच्या खांबापाशी. खांब कलला होता. आम्हाला कुणाला दिसला नव्हता, पण बाईंनी सांगितल्यावर सगळ्यांनाच दिसायला लागला. प्राचार्य दातओठ खात म्हणाले, “बाई, आता राहू द्या, पाहुणे उन्हात उभे आहेत.” बाई म्हणाल्या, “झेंडाही उन्हातच राहणार आहे सर, आणि तो दिवसभर.” शिपायाला हाक मारून त्यांनी बुडाशी दगड ठोकून घेतले, ओळंबा धरून पाहिला, हात झटकले आणि रांगेत परत आल्या. पाहुण्यांनी झेंडा फडकवला. भाषणात ते शिस्तीवर बोलले आणि बोलताना सारखे बाईंकडं बघत होते.

आता रायफलीकडं येतो, कारण बाईंचं खरं प्रेम तिच्यावर. विद्यार्थिनी असताना एन.सी.सी.त त्यांनी नेमबाजी केली होती आणि ती पुढं सुटली नाही. गावात एक रायफल क्लब होता. वकील, डॉक्टर, केळीचे बागायतदार अशी बडी मंडळी. बाईंनी सभासद व्हायला अर्ज केला तेव्हा कमिटीत हशा पिकला. एक डॉक्टर म्हणाले, “रायफलीचा दणका बाईच्या खांद्याला झेपत नाही.” बाई दाराबाहेर बाकावर बसल्या होत्या. तिथूनच ओरडल्या, “झेपतो का ते खांद्याला विचारू. कमिटीला काय विचारायचं?” मग एका सकाळी त्यांना रेंजवर बोलावलं आणि मुद्दाम जास्त धक्का देणारी रायफल दिली. बाईंनी झाडलेल्या गोळ्या टार्गेटवर कुठं लागल्या ते पाहिल्यावर डॉक्टरांनी विषय बदलला. बाई सभासद झाल्या. मीही त्याच सुमारास कमिटीत शिरलो, पण माझी लायकी वेगळी होती. गुण लिहायला सुवाच्य अक्षराचा माणूस त्यांना हवा होता.

क्लबाचे अध्यक्ष नाना. फैजपूरचे बागायतदार, सहा फुटी, आवाज असा की रेंजवर शिट्टीची गरज नाही. माणूस दिलदार, पण आपलं चुकू शकतं हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांच्याकडं जर्मन दुर्बीण बसवलेली रायफल होती. दुर्बिणीची रायफल साऱ्या जिल्ह्यात तेवढी एकच, असं ते सांगायचे. दरवर्षी दिवाळीनंतर जळगाव आणि धुळे अशी लांब पल्ल्याची स्पर्धा व्हायची. आधी शंभर मीटर, मग तीनशे. ती धुळ्याजवळ लळिंगच्या डोंगराखालच्या रेंजवर भरायची, आणि तिथं आमचे लोक नानांच्या रायफलीनं मारायचे. शंभरावर गोळ्या मधोमध. तीनशेवर सगळ्याच्या सगळ्या उजवीकडं, जवळपास वीतभर. नाना दरवर्षी म्हणायचे, “लळिंगच्या वाऱ्यानं नेल्या.” आम्ही माना हलवायचो. तो वारा दरवर्षी एकाच बाजूनं कसा वाहतो, हे कुणी विचारलं नाही.

बाईंनी विचारलं. तेही क्लबाच्या हॉलमधले फोटो बघता बघता.

दसऱ्याला क्लबात शस्त्रपूजा व्हायची. बाई त्या दिवशी पांढरी साडी नेसून मुलाबाळांसकट बुद्धविहारात असायच्या, त्यामुळे पूजेला त्या कधी नव्हत्या. पूजेनंतर सगळे सभासद आपापली हत्यारं घेऊन फोटो काढायचे, मध्यभागी नाना आणि त्यांची रायफल. ते फोटो वर्षवार भिंतीवर लावलेले. बाई एकदा त्या फोटोंसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, मग मला म्हणाल्या, “वाणी सर, इकडं या. या फोटोत दुर्बिणीवरचं कंपनीचं नाव वाचता येतंय?”

“नाही.”

“यात?”

“येतंय की. स्वच्छ.”

“आणि यापुढच्या सगळ्यांत येतंय. नाव दिसायला लागलं त्या सालापासून लळिंगचा वारा सुटला.”

मला काही उमगलं नाही. तेव्हा त्यांनी खुर्चीवर बसवून मला समजावलं. “गोळी सरळ जाते असं वाटतं ना तुम्हाला? जात नाही. नळीतून निघाली की पडायलाच लागते. म्हणून लांबचं मारताना नेम वर घ्यावा लागतो. दुर्बिणीवर त्यासाठी फिरवायचं बटण असतं. आत फुली दिसते, तिची उभी रेघ खरोखर उभी असेल तर नेम नुसता वर जातो. रेघ कलती असेल तर वर जाता जाता बाजूलाही सरकतो. तिरकी शिडी लावून चढून बघा. पहिल्या पायरीवर काही कळत नाही. शेवटच्या पायरीवर तुम्ही शेजाऱ्याच्या गच्चीत.”

म्हणजे झालं होतं असं. फोटोत जर्मन नाव दिसावं म्हणून कुणीतरी एका दसऱ्याला दुर्बिणीची कडी सैल करून ती थोडी फिरवली होती. मग दर दसऱ्याला घासूनपुसून ती तशीच, नाव समोर ठेवून बसवायची पद्धत पडली. नाना शंभरावर नेम जमवून घ्यायचे आणि सगळं ठीक आहे असं समजायचे. बाकीचं खापर वाऱ्यावर.

उपाय अगदी साधा होता. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची, तिच्यावर गवंड्याची पाणसळ, म्हणजे बुडबुड्याची पट्टी, धरून ती सरळ करायची, समोर लांबवर ओळंबा सोडायचा, आणि दुर्बिणीतली उभी रेघ त्या दोऱ्याशी जुळेपर्यंत दुर्बीण कड्यांत हलके हलके फिरवायची. मग स्क्रू आवळायचे, तेही आलटून पालटून, नाहीतर आवळतानाच ती पुन्हा फिरते. चहा गार व्हायच्या आत होणारं काम.

पण बाईंनी हे कमिटीत मांडलं. एक वकील घसा खाकरून म्हणाले, “पूजलेल्या हत्याराला कुणीही हात लावायचा नसतो.” ‘कुणीही’ म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मला संताप आला. खोलीत बसलेल्या प्रत्येकाला अर्थ कळला होता, बाईंना तर सगळ्यांत आधी. त्या म्हणाल्या, “वकीलसाहेब, मी रायफलीला फूल वाहत नाही, तेल देते. तिला कशाची जास्त गरज आहे ते तुम्ही तीनशे मीटरवर बघता दरवर्षी.”

नाना हसले. त्यांना बाईंचा फटकळपणा आवडायचाही, जोवर तो दुसऱ्यावर असे तोवर. म्हणाले, “बाई, रायफल माही हाये, दुर्बीण माही हाये. यंदा तुम्ही मारा तिनं. पन जशी हाये तशी.”

इथं एक सांगायला हवं. बाईंच्या मागं कॉलेजातल्या काही मुली होत्या. पहूरच्या, यावलच्या, एक तर सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. हॉस्टेलच्या व्हरांड्यात त्या छऱ्याच्या बंदुकीनं शिकायच्या, पण खऱ्या रेंजशिवाय पुढं जाता येत नाही. क्लबाची रेंज रविवारी सकाळी रिकामीच असायची. बाई कधीपासून ती मुलींसाठी मागत होत्या. त्या सभेत नाना सगळ्यांसमोर बोलून गेले, “धुळ्याले हरवून द्या बाई, रविवार तुमच्या पोरींचा.” बाईंनी माझ्याकडं बघितलं. “लिहा सर,” म्हणाल्या.

स्पर्धेच्या सकाळी बाई मुलींना घेऊन एस.टी.नं धुळ्याला पोचल्या, आम्ही जीपनं. बघतो तर बाईंनी बाजूच्या बाभळीच्या फांदीला ओळंबा टांगलेला. पांढरा दोरा, खाली पितळी वजन पाण्याच्या डबड्यात सोडलेलं, म्हणजे वाऱ्यानं हलायला नको. धुळ्याची मंडळीही गोळा झाली होती. त्यांचे सेक्रेटरी गुलाबभाऊ, लहानखुरे, सदा पान खाल्लेले, कमरेवर हात ठेवून बघत होते.

बाई नानांना म्हणाल्या, “मी हात लावत नाही. तुम्हीच बघा. पाणसळ ठेवून रायफल सरळ करा आणि दुर्बिणीतून त्या दोऱ्याकडं बघा. बाकी काही म्हणत नाही.”

एवढ्या लोकांत नानांना नाही म्हणता येईना. ते पालथे झोपले, पाणसळ ठेवली, डोळा लावला. बराच वेळ लावला. त्यांची मान हळूहळू एका बाजूला कलायला लागली, तशी रायफलही कलली आणि पाणसळीतला बुडबुडा सरकला. त्यांनी मान पुन्हा सरळ केली, पुन्हा पाहिलं. मग नाना उठले, गुडघ्यावरची माती झटकली आणि म्हणाले,

“बाई, माह्या डोळ्याले काही झालं नाही. तुमचा दोराच वाकडा हाये.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुणीच हसेना. बाई नानांकडं बघत राहिल्या. रागानं नाही, मला तर वाटलं की त्यांना वाईट वाटलं.

“नाना,” त्या म्हणाल्या, “दोरा वाकडा नसतो.”

स्पर्धा सुरू झाली. शंभर मीटर चांगलं झालं. तीनशेवर नानांच्या गोळ्या गेल्या तिथंच, उजवीकडं वीतभर. पाला हलत नव्हता, तरी नाना वाऱ्याबद्दल बोलले. मग बाईंची पाळी आली. नानांनी रायफल पुढं केली आणि बाईंनी हात मागं घेतला.

“मी हिनं मारणार नाही.”

मी त्यांना बाजूला घेतलं. “बाई, पोरींचा रविवार आहे हो यात. मघाशी नानांची मान कशी कलली होती? तशी रायफलच थोडी कलती धरली, तर आतली रेघ उभी होईल ना? तुम्हाला जमेल.”

“जमेल की,” बाई म्हणाल्या. “वाकड्याबरोबर वाकडं होऊन मारता येतं, सर. मला चांगलं येतं. जन्मभर बघत आले मी लोक कसे मारतात ते. पण त्या पोरी बघतायत ना तिथून. आज मी मान वाकडी केली, तर उद्या त्यांना वाटेल नेमबाजी अशीच असते.”

ताडपत्रीवर बसलेल्या मुली खरंच बघत होत्या. बाई सरळ गुलाबभाऊंकडं गेल्या आणि त्यांची जुनी, बिनदुर्बिणीची रायफल मागितली. नेम धरायला नळीच्या टोकाला साधी माशी, म्हणजे बारीक उंचवटा, असतो ना, तेवढाच. नियमात बसत होतं. गुलाबभाऊंनी पान थुंकून रायफल दिली. तीनशे मीटरवर उघड्या डोळ्यांनी ते काळं वर्तुळ मुगाएवढं दिसतं. बाईंच्या गोळ्या वरखाली विखुरल्या, पण डावीउजवीकडं एकही गेली नाही. टार्गेटवर त्यांची उभी रांग दिसत होती.

आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, पण हरलो. नाना जीपमध्ये बसता बसता म्हणाले, “दुर्बीण असून बाईनं हरवलं आपल्याले. गेला रविवार.” एक मुलगी रडायला लागली. बाई तिला म्हणाल्या, “रडायचं असेल तर एस.टी.त रड, खिडकीची जागा देते. इथं नको.”

त्या मुलींना घेऊन फाटकापर्यंत गेल्या तेव्हा गुलाबभाऊ मागून धावत आले. “मॅडम, तुमन्या पोरीसले अठे लई या ना. रेंज आमनी शे. कोन नही म्हनस ते मी देखस.”

पोरींना इकडं घेऊन या, रेंज आमची आहे, कोण नाही म्हणतो ते मी बघतो, असं ते म्हणत होते; बाईंनी पर्स उघडून आवळासुपारी त्यांच्या हातावर ठेवली.

आणि मग तायडे बाईंचे रविवार सुरू झाले. पहाटेची धुळ्याची एस.टी., बरोबर मुली, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. पारोळ्याला चहा. दुपारपर्यंत रेंज, संध्याकाळी परत. आपल्या गावात रेंज असताना दुसऱ्या जिल्ह्यात जायचं, हा जळगावचा अपमान आहे असं काही लोक म्हणाले. बाई म्हणाल्या, “आहेच. करतेय मी.” मुलींच्या घरचे कुरकुरले, तर बाई त्या त्या गावी जाऊन ओट्यावर ठाण मांडून बसायच्या, आणि होकार घेतल्याशिवाय उठायच्या नाहीत. पाड्यावरच्या मुलीच्या बापानं दोन वेळा नाही म्हटलं. तिसऱ्या वेळी बाई मोहाची फुलं वेचायला त्याच्या बायकोबरोबर जाऊन बसल्या आणि काम झालं.

पुढच्या वर्षी स्पर्धेला आम्ही गेलो, तर धुळ्याच्या संघात बाई आणि त्यांच्या दोन मुली. नाना उसळले. “जळगावच्या पोरी धुळ्याकडून कशा?”

“तुम्ही घेतल्या नाहीत,” बाई म्हणाल्या, “म्हणजे तुमच्या नव्हेत.”

गोष्टीत घडतं तसं मात्र काही घडलं नाही. त्या वर्षी मुली घाबरल्या आणि धुळे हरलं. नानांनी पेढे वाटले आणि एक पेढा खास बाईंना नेऊन दिला. बाईंनी तो घेतला, तिथंच खाल्ला आणि म्हणाल्या, “छान आहे. पुढच्या वर्षी मी आणते.” आणि आणले. त्यानंतर बरीच वर्षं आमच्या क्लबाला पेढे विकत घ्यावे लागले नाहीत.

अशी काही वर्षं गेली. नाना थकले, क्लबात येईनासे झाले. मुलींपैकी एक पोलिसात लागली, एक पहूरच्या शाळेत शिक्षिका झाली, नव्या मुली आल्या. माझी उज्ज्वला अकरावीत गेली तेव्हा घरी न विचारता बाईंकडं नाव देऊन आली. बायको मला म्हणाली, “तुम्ही कमिटीत ना? मग पोरगी धुळ्याला का जाते?” मी ते कमिटीत विचारलं. चार लोक छताकडं बघायला लागले.

मग एकदा कमिटीला उपरती झाली. अर्धीच झाली. बाईंना सन्माननीय सभासद करायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, आणि त्यांनी पुन्हा जळगावकडून मारायचं असं ठरलं. मुलींचं काय, असं मी विचारलं. “मुलींचं पुढं बघू. आधी बाईंना तर येऊ द्या.” आणि निरोप सांगायला मला नेमलं, कारण उज्ज्वलाला सोडायला रविवारी मी स्टँडवर जातोच, हे सगळ्यांना माहीत होतं.

थंडीचे दिवस होते. धुळ्याची गाडी फलाटाला लागलेली, मुली दारात ढकलाढकली करत चढत होत्या. बाई दाराशी उभ्या राहून एकेकीला आत घालत होत्या. केस बरेच पांढरे झालेले, स्वेटरची बटणं खालीवर लागलेली. पुढचा रविवार यायच्या आत संस्थेनं माझी भडगावला बदली केली, आणि पुढं बाई निवृत्त होऊन मुलाकडं नाशिकला गेल्या. ती आमची शेवटची भेट, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

“बाई,” मी म्हणालो, “कमिटीचं म्हणणं आहे की तुम्ही क्लबात परत यावं. मानानं.”

“आणि मुली?”

“मुलींचं पुढं बघू म्हणतात.”

बाईंनी शेवटच्या मुलीला आत ढकललं आणि माझ्याकडं वळल्या. आवाज चढला नव्हता.

“वाणी सर, तुम्ही कमिटीकडून आलाय की उज्ज्वलाला सोडायला?”

उज्ज्वला खिडकीत बसली होती. तिला सगळं ऐकू जात होतं. ती माझ्याकडं बघतच राहिली.

“उज्ज्वलाला सोडायला,” मी म्हणालो.

“मग तिची पिशवी द्या इकडं आणि बाजूला व्हा, गाडी मागं घेतायत.”

मी पिशवी दिली आणि बाजूला झालो. बाई चढल्या, दार ओढून घेतलं. गाडी वळून फाटकाबाहेर पडली तेव्हा मागच्या काचेतून त्या मला दिसल्या. मुलींना बसवून झाल्यावर बाक उरला नव्हता, आणि बाई वरच्या दांडीला धरून धुळ्यापर्यंत उभ्यानं निघाल्या होत्या.